तोंड फिरवून बोललेलं

मला लोक अ‍ॅप विचारतात. काल्हेरच्या ज्या गोदामात मी माल पाठवण्याचं काम बघते, तिथे ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत कोणाचंही मोबाईलवाचून अडलं की त्याला माझं टेबल आठवतं. "मॅडम, कुछ अच्छा अ‍ॅप डाल के दो ना," म्हणत मोबाईल पुढे सरकवतात, जसं काही मी भाजीवाली आहे आणि आज ताजं काय आलंय ते मलाच ठाऊक. मी आधी करवादते, मग टाकून देते. माझा स्वभावच तसा आहे. नाही म्हणायचं, आणि लगेच करून द्यायचं.

यादी ठरलेली आहे. लाइट बिलाचं एक, म्हणजे बिलाचा कागद हरवला म्हणून कोणी अंधारात बसायला नको. कागदपत्राचा फोटो सरळ, चौकोनी करून देणारं एक, कारण आमच्याकडे लोक आधार कार्डाचा फोटो पाठवतात त्यात कार्डापेक्षा चादरीवरची फुलंच जास्त दिसतात. गोळ्यांची वेळ झाली की घंटी वाजवणारं एक. तिथी-वाराचं कॅलेंडर. औषधाच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षर मोठं करणारं भिंग. आणि काय घेऊ नये तेही मी सांगते. मोबाईल साफ करून देतो म्हणणारं अ‍ॅप घेऊ नका. घर झाडायला आलेला माणूस आधी कपाटाची चावी मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, आईला ऐकायला कमी येतं. त्यासाठी काही आहे का?" मी म्हटलं, बघून सांगते. बघायचं काहीच नव्हतं. ते अ‍ॅप मला डोळे मिटूनही टाकता येतं. तरी मी तिला दोन आठवडे उद्या-उद्या करत टोलवलं, आणि ती बिचारी समजली की ताई कामात आहेत.

माझे वडील यंत्रमागावर होते. मिसरूड फुटायच्या आत ते दिघाशीहून भिवंडीत आले आणि लूमच्या कारखान्यात लागले. आधी माग चालवायचे, नंतर बिघडलेले माग दुरुस्त करायला लागले. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात जी छोटी नळी बसते तिच्यावर सूत गुंडाळायची. त्या दोघांचं पहिलं बोलणं झालं तेव्हा त्यात आवाज नव्हता, असं आई सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लूमच्या कारखान्यात सगळे ओरडून बोलत असतील. कोणी ओरडत नाही. वीस-पंचवीस माग एकदम चालू असताना ओरडून घसा तेवढा बसतो. तिथे ओठ सावकाश, पुरते उघडून हलवायचे आणि आवाज काढायचाच नाही. जोडीला हात. बोट गोल फिरवलं की कांडी संपली, हनुवटी चोळली की दाढीवाले शेठ आले. समोरचा पाठमोरा असेल तर सुताचा बोळा करायचा आणि त्याच्या पाठीवर मारायचा. तो वळला की बोलायचं.

घरी आल्यावरही ते दोघं तसेच बोलायचे. सकाळी मी डोळे चोळत उठावं तर आई भाकरी थापतेय, बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत, दोघांचे ओठ हलतायत आणि घरात आवाज फक्त भाकरीचा. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळायचं. "पोरगी", "शाळा", "उद्या" एवढे शब्द मी बरोबर ओळखायचे, कारण ते माझ्याबद्दल असायचे. बाकीचं शिकून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही. शिकले असते तर बरं झालं असतं.

बाबांचे कान गेले. लूमवाल्यांचे जातातच, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना शेजारचा टीव्हीसुद्धा ऐकू येईना. पण ओठ वाचण्यात ते इतके तरबेज होते की समोर बसून बोललात तर तासभर बहिरेपणाचा पत्ता लागायचा नाही. त्यामुळे आमच्या घरात गुपित बोलायची एक वेगळीच तऱ्हा पडली. इतरांच्या घरी गुपित सांगताना लोक आवाज खाली आणतात. आम्ही तोंड फिरवायचो. कॉलेज बुडवून मैत्रिणींबरोबर कुठे गेले होते ते मी भिंतीकडे तोंड करून आईला खणखणीत आवाजात सांगायचे, आणि बाबा तीन हातांवर पेपर वाचत बसलेले असायचे. आईचेही कान थोडे मंदावले होते, तेव्हा हळू बोलून चालायचंही नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांनाही कळायचं की या दोघी तोंड फिरवून काहीतरी बोलतायत, आणि ते पेपरचं पान उलटायचे.

नोकरी लागल्यावर मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. चार दिवस घातलं आणि पाचव्या दिवशी बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. "कानात लूम चालू झाली," म्हणाले. "एवढी वर्सं बाहेर व्हती, आता आत आनून बसवू काय?" मी चिडले, दोन दिवस धड बोलले नाही. तेही तोंड फिरवून.

मग मला ते अ‍ॅप सापडलं. माणूस बोलतो ते ऐकून पडद्यावर लिहून दाखवणारं. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, पण वाचायचे असे की पेपरातल्या हरवले-सापडलेच्या जाहिरातीही सोडायचे नाहीत. एका रविवारी मी त्यांच्या मोबाईलवर ते टाकलं, मोबाईल आईसमोर धरला आणि म्हटलं, आता काहीतरी बोल. आई फोटो काढल्यासारखी ताठ बसली. "काय बोलू? मला काय सुचत न्हाय. तिकडं दूध उतू जाईल." अ‍ॅपने "न्हाय"चं "नाही" केलं आणि बाकी सगळं तसंच लिहिलं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं, उठले, आत जाऊन गॅस बंद केला. परत येऊन जे हसायला लागले ते थांबेचनात. ओठ न बघता आईचं वाक्य त्यांना किती वर्षांनी कळलं होतं कोण जाणे.

त्या दिवसापासून मोबाईलची जागा ठरली. स्वयंपाकघरातल्या फडताळात साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा, अ‍ॅप चालू ठेवायचं. बाबा येता-जाता वाचायचे. नुसतं बोलणं नाही, आवाजही यायचे त्यात कंसात: शिट्टी, घंटा, कुत्र्याचं भुंकणं. "तीन झाल्या," असं ते स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचे आणि आई कुकर बंद करायची. मी त्यात आणखी एक सोय करून दिली, लिहिलेलं सगळं तीन दिवस राहील अशी. दुपारी जेवण झाल्यावर ते आदल्या दिवशीचं घर परत वाचत बसायचे. आई म्हणायची, आता ह्या घरात पुटपुटायचीबी सोय राहिली न्हाय. मी गोदामात सगळ्यांना सांगत सुटले की अ‍ॅप असावं तर असं. माझ्या यादीत ते तेव्हा पहिल्या नंबरावर होतं.

मग खोकला आला. तसा खोकला त्यांना नेहमीचाच, लूमच्या माणसाच्या छातीत सुताची धूळ असायचीच. पण या वेळी अंगावरचा सदरा ढगळ दिसायला लागला. छातीचे फोटो झाले, तपासण्या झाल्या, आणि एक दिवस मी त्यांना घेऊन मोठ्या डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता. ओठ दिसत नव्हते. बाबांनी खिशातून मोबाईल काढला, अ‍ॅप चालू केलं आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवायला हात लांब केला. डॉक्टरांनी समोरच्या रिपोर्टवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरूनच मला कळलं. मी बाबांच्या हातातून मोबाईल काढून घेतला, अ‍ॅप बंद केलं. त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून म्हटलं, "चार्जिंग संपत आलंय, बाबा." अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि भिंतीवरच्या छातीच्या चित्राकडे बघत बसले. डॉक्टर मला सांगत होते की दोन्ही बाजूंना पसरलंय, फार तर चार-सहा महिने, आता त्रास कमी कसा होईल एवढंच बघायचं. मी मान हलवत होते. माझा बाप शेजारी बसून, स्वतःच्याच मरणाची बातमी चाललेली असताना, ते चित्र वाचत होता.

रिक्षात त्यांनी विचारलं, काय बोल्ले? मी म्हटलं, धूळ बसलीय छातीत, गोळ्यांनी सुटेल. ते म्हणाले, बरं.

घरी आल्यावर मी मोबाईल त्यांना परत दिला. त्यांनी तो अ‍ॅप चालू करून नेहमीसारखा नेऊन फडताळात साखरेच्या डब्याला टेकवला आणि बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. आई ओट्याशी तांदूळ धूत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, टाइल्सकडे तोंड करून. आणि तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात सगळं सांगितलं. पसरलंय. चार-सहा महिने म्हणाले. बाबांना सांगायचं नाही, कळलं तर आधीच खचतील. काही विचारलं तर धूळ म्हणायचं. आईने नळ सोडला आणि त्याच्याखाली हात धरून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मोबाईल मला दिसत होता. हातभर अंतरावर होता. पण तोंड फिरवलं की बाबांना कळत नाही हे मला जन्मापासून इतकं पक्कं ठाऊक होतं, की मीच टाकलेलं, मीच चार लोकांत मिरवलेलं, तासाभरापूर्वी डॉक्टरांसमोर मीच बंद केलेलं ते अ‍ॅप माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी आधी मोबाईल बंद करती. मला सवय आमच्या घराची. मी तोंड फिरवलं होतं, मी निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "ह्या पडद्यावर दिसतं त्याचा फोटो काढता येतो काय?" मी त्यांना दोन बटणं एकदम दाबायला शिकवलं. कशाला हवंय म्हणून विचारलं तर म्हणाले, देवळातला भजनाचा आवाज ह्यानं झ्याक लिवलाय, ठेवून द्यावा वाटतो. मी हसले. मुलगा नाही म्हणून लोक बाबांना बोलायचे, आणि इथे म्हातारपणी बाबा मोबाईलचे पोरासारखे लाड करतायत, असं आईला म्हटलं. ती तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. आईच्या मोबाईलवर काय काय उपयोगाचं आहे ते सगळं टाक. तोवर आईच्या मोबाईलवर फोन घेण्यापलीकडे काही होत नव्हतं. मी माझी यादी काढली. लाइट बिलाचं टाकलं, गॅस सिलिंडर नोंदवायचं टाकलं, गोळ्यांच्या वेळेचं, तिथीचं, भिंग. बाबा तेवढ्यावर थांबेनात. घरपट्टीचं असतं काय? डॉक्टरचा नंबर लावायचं असतं काय? एक दिवस म्हणाले, एक बटन दाबलं का तुझ्या मोबाईलवर घंटी वाजंल, असं काय हाय? मी म्हटलं आहे, आणि आईच्या मोबाईलवर ते लावून दिलं. तुमच्याही मोबाईलवर टाकते म्हटलं तर म्हणाले, मला कशाला.

रोज दुपारी ते आईला शिकवायचे. आवाज नाही, नुसते ओठ आणि बोटं. आई चुकीचं बटण दाबायची, कंटाळायची, उठून ओट्याशी जायची. मग बाबा मोज्यांचा बोळा करून तिच्या पाठीवर मारायचे आणि ती परत येऊन बसायची. एकदा ती तोच मोबाईल हातात धरून रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, जमत न्हाय मला ह्ये. मी म्हटलं, अगं मी आहे ना, त्यात रडायचं काय? गोदामात मी मजेत सांगायचे, आमच्या बाबांना अ‍ॅपचं वेड लागलंय, मला मागे टाकणार. एक लोडर म्हणाला, "अच्छा है मॅडम, टाइम पास होता है उनका."

दर पंधरवड्याला डॉक्टरांकडून आलो की ते मला विचारायचे, धूळ कमी झाली काय? मी त्यांच्यासमोर बसून, ओठ पुरते उघडून सांगायचे, कमी झालीय, बाबा. ते मान हलवायचे. मला स्वतःचा अभिमान वाटायचा, हे मी आज कबूल करते. मला वाटायचं, किती नीट सांभाळलंय मी हे सगळं.

एकदा मात्र त्यांनी एक गोष्ट मागितली. दिघाशीला ने म्हणाले. त्यांच्या भावकीचं घर आहे तिथे, मागे पडीक शेत, बांधावर त्यांच्या आईने लावलेलं एक चिंचेचं झाड. मी नको म्हटलं. रस्त्यावर ट्रकची धूळ, खड्डे, तिथे काही झालं तर डॉक्टर कुठून आणायचा? खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, बरे व्हा आधी, दिवाळी झाली की दोन दिवस राहायलाच जाऊ. ते माझ्या ओठांकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जाऊ. परत त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीआधीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तोवर आवाज गेला होता. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क, आणि बोलायला लागणारा श्वास शिल्लक नव्हता. सकाळी नर्सताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चार-दोन दिवसच. मी खिडकीशी बसलेल्या आईकडे गेले, बाबांकडे पाठ केली आणि म्हटलं, "चार-दोन दिवस म्हणतायत. त्यांच्यासमोर रडू नको."

माझ्या पाठीवर काहीतरी मऊ लागलं.

खाली कापसाचा बोळा पडला होता. सुई टोचल्यावर लावायला ठेवतात त्या कापसाचा. मी वळले. बाबांचा हात अजून हवेत होता. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि स्वतःचा मोबाईल मागितला. अंगठ्याने ते फोटो मागे मागे सारत गेले, बिलांचे, गोळ्यांच्या पाकिटांचे, आईचे, आणि एका फोटोवर थांबून त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला.

माझीच वाक्यं होती. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, ते अ‍ॅप लिहितं तशी एकाला एक जोडून. पसरलंय चार-सहा महिने म्हणाले बाबांना सांगायचं नाही. खाली कंसात, पाण्याचा आवाज. त्याच्या खाली कंसात, रडण्याचा आवाज. वर त्या दिवसाची तारीख. आता मागे मोजलं तर पाच महिने झाले होते.

त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. आवाज नव्हताच. ओठ सावकाश, पुरते उघडून हलवले, मी लहान असताना हलवायचे तसे. आईला विचारावं लागलं नाही. मला कळलं.

"हिकडं बघून बोल."

त्यानंतर चार दिवस मी त्यांच्याकडे बघून बोलले. माफी मागितली. त्यांनी हाताने, राहू दे, केलं. बाकी फार मोठं काही बोललो नाही. चिंचेचं झाड केवढं होतं ते विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरले, मग पुरेना म्हणून मान हलवली. लाइट बिल आईला आता स्वतः भरता येतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर घर रिकामं झालं. आई ओट्याशी होती, मी भांडी पुसत होते. मनातलं बाहेर काढल्याशिवाय मला राहवेना. मी म्हटलं, आई, पाच महिने बाबांना सगळं ठाऊक होतं, आणि आपण दोघी त्यांच्यासमोर नाटक करत राहिलो. आई भांड्यांकडेच बघत होती. म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. त्याच दिशी संध्याकाली मला बोल्ले."

मला आधी कळलंच नाही. त्या संध्याकाळी मी कुठे होते? मी तिथेच होते. मी ताटं वाढत होते, त्या दोघांकडे पाठ करून. माझ्या मागे, दोन हातांवर, आवाज न करता ते बोलत होते, आणि मी भात वाढत होते. पाच महिने त्या घरात एकाच माणसाला काही ऐकू येत नव्हतं, आणि ती मी होते.

मी आईवर ओरडले. माझा स्वभाव. मला का नाही सांगितलंत, मी म्हटलं, मी काय परकी होते? आईने हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तू बोल्लीस ना, सांगायचं न्हाय, खचतील. ते बोल्ले, पोरीला तेवढाच धीर हाय. तिला वाटूं दे."

"आणि दिघाशी? एकदा हट्ट धरला असता तर नेलं असतं मी."

"मी बोल्ले त्यांना, हट्ट करा. ते बोल्ले, हट्ट केला तर तिला खरं सांगावं लागंल. मंग ती काय करंल?"

ते झाड बघायला माझ्या बापाला अर्ध्या तासाचा रस्ता होता. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तो गेला नाही. मला वाटत होतं, त्याच्या मरणाचं ओझं मी एकटी वाहतेय आणि त्याला हलकं ठेवतेय. उचलून त्याने मला धरलं होतं. हे मला आजही सहन होत नाही, आणि ज्याच्यावर चिडावं तो माणूस आता उरला नाही.

ऑफिसातल्या त्या मुलीला मी शेवटी बोलावलं. तिच्या आईच्या मोबाईलवर ते अ‍ॅप टाकून दिलं, अक्षर मोठं करून दिलं, तीन दिवसांची सोयही लावून दिली. अ‍ॅप चांगलंच आहे. ती आभार मानून निघाली तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं, हे आहे म्हणून आईशी दुसऱ्या खोलीतून बोलू नकोस, समोर बसून बोलत जा. हो ताई, म्हणाली. तिला ते अ‍ॅप वापरायच्या सूचनांतलंच काहीतरी वाटलं असेल.

बाबांचा मोबाईल अजून फडताळात साखरेच्या डब्याला टेकून असतो. आई रोज चार्ज करते आणि अ‍ॅप चालू करून ठेवते. परवा संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ती भाकरी थापत होती. मोबाईलच्या पडद्यावर काही उमटत नव्हतं. मी मागून बघितलं तर तिची मान किंचित हलत होती, कोणाशी बोलताना हलते तशी. मी हाक मारली नाही. ओट्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले, जिथून तिचे ओठ दिसतात.